टेबलटॉप आरपीजी: विश्रांतीच्या प्रसंगाला बॅकग्राउंड म्युझिक कसं लावायचं?

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे खेळाडू एकेक पात्र सांभाळतात आणि निकाल फाशांवर ठरतो. १९७४ मध्ये आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ. लढाईला म्युझिक लावणं सोपं आहे, ढोलताशांसारखं काहीही दणदणीत चालतं. पण लढाई संपून पात्रं शेकोटीभोवती बसली की काय लावायचं?

विश्रांतीचा प्रसंग म्हणजे काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांत दोन प्रकार आहेत. शॉर्ट रेस्ट कमीत कमी १ तासाची आणि लाँग रेस्ट कमीत कमी ८ तासांची. हा वेळ गोष्टीतला असतो, त्यामुळे “सकाळ झाली, सगळ्यांचे हिट पॉइंट परत आले” एवढ्या एका वाक्यातही तो उरकता येतो.

पण पात्रं एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात ती इथेच. लढाईत गप्प बसणारा खेळाडूही इथे हळू आवाजात आपल्या पात्राबद्दल काहीतरी सांगून जातो. म्हणून कसोटी एकच: त्या खेळाडूचा आवाज म्युझिकखाली दबला, तर निवड चुकली.

ट्रॅक निवडताना

- गाणं नको. शब्द कानावर पडले की लक्ष तिकडे जातं, मग भाषा कळो वा न कळो.
- ओळखीची धून नको. गाजलेल्या सिनेमाची धून लावलीत तर सगळ्यांना तो सिनेमाच आठवेल.
- आधी जागा, मग वाद्यं. शेकोटीची तडतड, रातकिडे, पाऊस. एवढ्यावरही काम भागतं. वर हवी तर संथ बासरी किंवा तंतुवाद्य.
- लांबी बघा. दोन मिनिटांचा ट्रॅक पंधरा मिनिटांत सातव्यांदा संपतो आणि कानाला ते कळतं. ‘टेबलटॉप ऑडिओ’ या साइटवरचे ट्रॅक साधारण १० मिनिटांचे असतात, ते इथे सोयीचे पडतात.

आवाज किती ठेवायचा?

‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ अशी व्यंजनं ओळखायला साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा महत्त्वाचा असतो. झांजा किंवा तीव्र व्हायोलिन याच पट्ट्यात घुसतात आणि शब्द अस्पष्ट होतात. ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर म्युझिकचा हा पट्टा थोडा खाली घ्या. एकूण आवाज १० डेसिबलने उतरवला तर तो कानाला साधारण निम्मा वाटतो.

सोपी चाचणी: सगळ्यात हळू बोलणाऱ्याला स्पीकरजवळच्या नाही, तर गेम मास्टरपासून लांबच्या खुर्चीत बसवा. त्याचं वाक्य गेम मास्टरला पुन्हा विचारावं न लागता कळलं, तर लेव्हल बरोबर आहे.

लूपमधली खाच

ट्रॅक संपून पुन्हा सुरू होताना क्षणभर शांतता येते? बऱ्याचदा दोष एमपीथ्री फॉरमॅटचा असतो. एन्कोडिंग होताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी सॅम्पल्स जोडली जातात. लढाईच्या गोंगाटात ती लपतात, रातकिड्यांच्या आवाजात मात्र लगेच जाणवतात. शक्य असेल तर ऑग व्हॉर्बिस किंवा वेव्ह फाइल वापरा, नाहीतर प्लेअरमध्ये क्रॉसफेड चालू करा.

आणि ट्रॅक आधीच डाउनलोड करून ठेवा. शेकोटीभोवती कुणी आपल्या मेलेल्या भावाबद्दल सांगतंय आणि मध्येच साबणाची जाहिरात वाजली, तर तो प्रसंग परत उभा राहत नाही.

ऑनलाइन खेळताना

मित्र वेगवेगळ्या शहरांत असतील तर खेळ डिस्कॉर्डसारख्या ॲपवर होतो. तिथे स्पीकरवर म्युझिक लावून माइकमधून ऐकवू नका. नॉइज सप्रेशनचं कामच बोलण्याव्यतिरिक्तचा आवाज काढून टाकणं आहे. पाऊस आणि शेकोटी त्याच्या दृष्टीने कचराच, त्यामुळे समोर तुटक खरखर पोचते.

त्यापेक्षा म्युझिक वेगळ्या वाटेने पाठवा. ‘रोल२०’मध्ये ज्यूकबॉक्स आहे, ‘फाउंड्री’मध्ये प्लेलिस्ट आहेत. ‘फाउंड्री’त प्रत्येक खेळाडू आपल्यापुरता म्युझिकचा आवाज कमी-जास्त करू शकतो. हा मोठा फायदा, कारण कुणी हेडफोन लावून बसलेलं असतं, कुणी लॅपटॉपच्या स्पीकरवर.

खेळ यूट्यूबवर किंवा ट्विचवर दाखवणार असाल तर ट्रॅकचं लायसन्स आधी तपासा. घरात वाजवलेलं चालून जातं, प्रसारणाला परवानगी लागू शकते.

सुरुवात आणि शेवट

लढाईचं म्युझिक खटकन बंद करू नका. ५ ते १० सेकंदांत उतरवा, थोडी शांतता राहू द्या, मग शेकोटी पेटवा. दर मुक्कामाला तोच ट्रॅक लावलात तर दोन-तीन सत्रांनंतर तो खूण बनतो. तो वाजला की “आता बोलायला हरकत नाही” हे खेळाडूंना न सांगता कळतं.

ही खूण उलटही वापरता येते. पात्रं झोपलीत, एक जण पहाऱ्यावर आहे, आणि रातकिडे अचानक थांबतात. गेम मास्टरला पुढे काहीच बोलावं लागत नाही. पण हे क्वचितच करा. दर रात्री हल्ला झाला तर शेकोटीभोवती कुणी निवांत बोलणारच नाही, आणि मग म्युझिक लावून उपयोग काय?