जंबुपार दृढीकरण दीप

जंबुपार दृढीकरण दीप : शाई, रोगण किंवा आसंजक यांचा पातळ द्रवरूप थर जंबुपार किरणांच्या साहाय्याने अल्पावधीत घट्ट करणारा औद्योगिक दीप. थरातील प्रकाश-आरंभक द्रव्य किरण शोषून बहुधा मुक्त मूलके निर्माण करते आणि त्यामुळे लहान रेणूंचे बहुवारिकीकरण होते. म्हणून दीपाची निवड केवळ त्याच्या शक्तीवरून करता येत नाही. त्याच्या किरणांची तरंगलांबी आरंभकाच्या शोषणाशी जुळावी लागते. या दीपांचा इतिहास मुख्यतः ही जुळणी साधण्याचा इतिहास आहे.

प्रकाशाने पदार्थ कठीण करण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच संशोधक न्येप्स यांनी १८२० च्या दशकात सूर्यप्रकाशाने कठीण होणारे डांबर वापरून चित्रे मिळविली. पुढे द्विक्रोमेटयुक्त जिलेटिनाचा प्रकाश लागलेला भाग अविद्राव्य होतो, या गुणधर्मावर प्रकाश-जस्तमुद्रण आधारले गेले. पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कार्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच तंत्राने नकाशे छापले जात. त्रिरंगी छपाई शिकण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीस गेलेले धुंडिराज गोविंद (दादासाहेब) फाळके हेही चित्रपटांकडे वळण्यापूर्वी मुद्रणव्यवसायातच होते.

सूर्यप्रकाश ऋतू व ढग यांवर अवलंबून असल्याने कृत्रिम उद्‌गमाची गरज भासली. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दीपाचे एकस्व मिळविले. साधी काच लघू जंबुपार किरण अडविते; जर्मनीतील हानाउ येथे क्वॉर्ट्झच्या नळीचे दीप तयार झाल्यावर ही अडचण दूर झाली. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत लाकडी फर्निचरावरील असंतृप्त पॉलिएस्टर लेपांसाठी असे दीप वापरात आले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर विद्रावकविरहित शायांचे महत्त्व वाढले व मुद्रणातही त्यांचा प्रसार झाला.

मध्यम दाबाच्या पारद-दीपातून २५४, ३१३ व ३६५ नॅनोमीटर इत्यादी तरंगलांबींचे किरण मिळतात. लघू किरण पृष्ठभाग घट्ट करतात, तर दीर्घ किरण खोलवर जातात. पांढऱ्या शाईतील टिटॅनियम डाय-ऑक्साइड जंबुपार किरण शोषून घेत असल्याने तिच्यासाठी गॅलियममिश्रित दीप उपयुक्त ठरतो. त्याचे मुख्य किरण ४०० नॅनोमीटरच्या पुढे असतात.

एकविसाव्या शतकात ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या टप्प्यातील प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी) पुढे आले. त्यांत पारा नसतो व ओझोन निर्माण होत नाही. मात्र त्यांचा वर्णपट अरुंद असल्याने जुनी शाई तशीच वापरल्यास पृष्ठभाग चिकट राहण्याचा संभव असतो. दीपाबरोबर शाईही बदलावी लागते. २०१३ च्या मिनामाता कराराने सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या उच्च दाबाच्या पारद-दीपांना २०२० ही मुदत घातली; दृढीकरणाचे दीप त्या तरतुदीत येत नव्हते. तरीही वापरलेल्या नळ्यांतील पाऱ्याची विल्हेवाट हा प्रश्न उरतोच.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर यांसारख्या ठिकाणच्या लहान उद्योगांच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. वीज क्षणभर खंडित झाली तरी पारद-दीप विझतो आणि थंड झाल्याविना पुन्हा पेटत नाही. या काळात यंत्रावरील माल अर्धवट ओला राहतो. डायोड तत्काळ सुरू होतो, परंतु विदर्भातील कडक उन्हाळ्यात त्याच्या शीतनाची योग्य व्यवस्था नसल्यास त्याची तीव्रता व आयुष्य घटते. त्यामुळे शाई, थराची जाडी, यंत्राचा वेग, वीज आणि शीतन यांचा एकत्रित विचार करूनच दीप निवडणे हितावह ठरते.