स्वस्त कोळंबीमागची वेठबिगारी
थायलंडमधील तळ्यांत वाढणाऱ्या कोळंबीचे खाद्य बारीक मासळीच्या भुकटीपासून बनते. ती मासळी धरणाऱ्या अनेक ट्रॉलरांवर म्यानमार, कंबोडियातील मजूर दलालांकरवी अक्षरशः विकले जात. मासळी भरसमुद्रातच मालवाहू जहाजांवर चढवली जाई, इंधन व शिधाही तिथेच मिळे. ट्रॉलर महिनोन्‌महिने बंदराला लागत नसे. पळून जायला किनाराच नव्हता. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या चार महिला पत्रकारांनी इंडोनेशियातील बेंजिना येथे पिंजऱ्यात कोंडलेले मजूर आणि बनावट थाई नावांची थडगी उजेडात आणली. २,००० हून अधिक जण सुटले. त्याच वर्षी युरोपीय संघाने थायलंडला ‘पिवळे कार्ड’ दाखवले; पण औपचारिक ठपका होता तो बेकायदा मासेमारीचा, वेठबिगारीचा नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये ते मागे घेण्यात आले.