आठ रुपयांचे ऋण



निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की वाटेत कागल लागते. त्या गावावरून जाताना मला दर वेळी आठ रुपयांची आठवण होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोकणातील कोतळूक येथे झाला. परंतु वडील कागलला नोकरीस असल्याने त्यांचे बालपण आपल्या या मुलखात गेले. १८७९ साली वडील निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलात १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागले. घरासाठी ७ उरत. नामदार गोखल्यांच्या राजकारणाचे मूळ मला या आठ रुपयांत दिसते.

१८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर गोखल्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी पत्करली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकवू लागले. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून चालले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल आणि आकडे वाचण्याची शिस्त लावली, सार्वजनिक सभेचे काम शिकविले. १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा हा गणिताचा शिक्षकच सरकारचा हिशेब तपासत होता. शिल्लक दाखविणाऱ्या सरकारने गरिबाच्या मिठावर कर का ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता. १९०३ ते १९०७ या काळात तो कर मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना आणि काँग्रेसचे अध्यक्षपद, दोन्ही त्यांच्या हातून घडले. लोकसेवा आणि राजकारण त्यांनी वेगळे मानले नाही.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा आणि महिना दहा रुपयांहून अधिक मिळकत नसलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदारांनीही विरोध केला. १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. त्यांना राजकीय गुरू मानणारे गांधीजी १९२४ मध्ये आपल्या बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा व्हायला मात्र २००९ साल उजाडावे लागले.

शेवटी एक स्वतःची आठवण सांगतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी माझ्या तासाला येणारा एक विद्यार्थी होता. एकदा त्याला डुलकी लागली, तेव्हा मी त्याला भर वर्गात बोललो. पुढे त्याचे येणे थांबले. त्याच्या पगारावर धाकटी बहीण शिकत होती, हे मला फार उशिरा कळले. त्या वर्गात मी गोपाळ शोधत होतो. समोर बसलेला गोविंदराव मला ओळखता आला नाही.

इतिहास गोपाळांची चरित्रे लिहितो. एकाला शिकविण्यासाठी दुसऱ्याला शाळा सोडावी लागू नये, यासाठी गोखले त्या सभागृहात उभे राहिले होते. ते आठ रुपये आपणही देणे लागतो.