रघुजींची फिरंग

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. माझ्या मोबाईलवर तेव्हा सगळीकडे एकच वाक्य होतं : आपली तलवार घरी आली. आनंद मलाही झाला. पण या तलवारीवर कोरलेला शेवटचा शब्द आहे ‘फिरंग’, म्हणजे परदेशी. मग ‘आपली’ म्हणजे नेमकं काय?

जुनी तलवार ओळखायची तर तिचा एकेक भाग वेगळा वाचावा लागतो. पातं एका देशाचं, मूठ दुसऱ्या गावची, असं सहज असू शकतं.

रघुजींच्या तलवारीचं पातं सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचं आहे. जर्मनीतलं सोलिंगेन, स्पेनमधलं टोलेडो ही अशा पात्यांची नावाजलेली गावं. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरायची. मी रत्नागिरीचा. आमच्या जिल्ह्यातलं दाभोळ हे त्या काळचं मोठं बंदर, आणि १५०८च्या अखेरीस पोर्तुगिजांनीच ते जाळलं होतं. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याकडचंच पोलाद घ्यायचं, असा तो व्यवहार होता. ही पाती लांब असूनही लवचीक असत. त्यांना मागणी इतकी होती की इकडचे कारागीर आपल्या पात्यांवर युरोपीय कारखान्यांचे शिक्के उठवत. म्हणून नुसता शिक्का बघून पातं कुठलं हे ठरवता येत नाही.

मूठ मात्र इथली. तिला मुल्हेरी मूठ म्हणतात, बागलाणातल्या मुल्हेरच्या नावावरून. तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी आहे. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून ते खरखरीत करायचं, त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि घोटून चकचकीत करायचा, ही ती कला. लढाईत काम पात्याचं. सोनं सांगतं ते धरणाऱ्याचा दर्जा. म्हणूनच ते मुठीवर आहे आणि नावावर आहे.

नाव पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरीत सोन्याने लिहिलंय : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. सेनासाहेब सुभा ही छत्रपती शाहू महाराजांनी रघुजींना दिलेली पदवी. ती पुढे घराण्यात चालू राहिली, आणि रघुजी हे नावही पुन्हा ठेवलं गेलं. त्यामुळे एकट्या लेखावरून मालक ठरत नाही. पातं, मूठ आणि अक्षरं एकत्र वाचावी लागतात.

माझ्या कामात आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सर्रास वापरतो. त्यावर आपलं काही उभं करतो, पण मूळ कोड कुणाचा हे नोंदवून ठेवायचं असतं. मला ‘फिरंग’ हा शब्द तशीच नोंद वाटतो. ज्या सरदाराच्या फौजा बंगालपर्यंत धडकल्या, त्याला आपलं पातं परदेशी आहे हे लपवावंसं वाटलं नाही. उलट ते स्वतःच्या नावाला जोडून सोन्यात लिहिलं गेलं.

१८१७मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसले हरले आणि इंग्रजांनी त्यांचा खजिना लुटला. ही तलवार त्याच सुमारास देशाबाहेर गेली असावी, असा शासनाचा अंदाज आहे. ती परत आली हे चांगलंच झालं. ती आपली आहेच, पण इथल्या मातीतल्या लोखंडाची आहे म्हणून नव्हे. कुणीतरी दूरचं पातं पारखून घेतलं, त्याला मुल्हेरी मूठ बसवली आणि त्यावर मराठी नाव घातलं, म्हणून ती आपली. संग्रहालयात तिच्यापुढे उभे राहाल तेव्हा फोटो काढण्याआधी तो लेख शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.