रुक्मिणीचे पत्र आणि वडीलधाऱ्यांची संमती

आई-वडिलांच्या इच्छेविरुद्ध केलेला विवाह योग्य की अयोग्य, हा प्रश्न धर्मशास्त्राने एका वाक्यात निकाली काढलेला नाही. मनुस्मृतीने सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांत गांधर्व, म्हणजे वधूवरांच्या परस्पर इच्छेने होणारा, आणि राक्षस, म्हणजे नातलगांचा प्रतिकार मोडून कन्येचे हरण करून केलेला, हे दोन्ही क्षत्रियांसाठी धर्म्य मानले आहेत. कौटिल्याने मात्र पहिल्या चार प्रकारांना पित्याची आणि उरलेल्यांना माता-पिता दोघांची मान्यता आवश्यक ठरवून गांधर्व विवाहही पुन्हा घराच्या उंबऱ्याशी आणून बांधला. ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षे थांबूनही लग्न लावून न दिलेल्या कन्येने स्वतः पती निवडल्यास तिला दोष नाही, असे मनू म्हणतो, पण माहेरचा दागिना तिने सोबत नेला तर ती चोरी ठरेल, असेही लगेच बजावतो. निवडीचे स्वातंत्र्य आणि माहेरचे सोने एकाच हाती पडू नये, याची ही तजवीज होती.

महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळेच वळण मिळाले, कारण विदर्भातील कौंडिण्यपूरची राजकन्या रुक्मिणी आणि पंढरपूरची रखुमाई या इथल्या भाविकांच्या लेखी एकच आहेत. भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणी कृष्णाला सात श्लोकांचे पत्र पाठवते, त्यात राक्षसविधीने आपले हरण करावे असे स्वतःच सुचवते, आणि आप्तांचा वध टाळून ते कसे साधेल याचा मार्गही, लग्नाच्या आदल्या दिवशी नगराबाहेरच्या देवीदर्शनाला वधू जाते हे सांगून, दाखवून देते. म्हणजे शास्त्राने ज्याला बळजबरीचा प्रकार म्हटले, त्याची आखणी येथे वधूनेच केलेली आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी हाच प्रसंग ‘रुक्मिणीस्वयंवर’ या ओवीबद्ध ग्रंथात विस्ताराने मांडला, आणि लग्न जुळावे म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करण्याची चाल पडली. लेकीच्या प्रेमविवाहाला हरकत घेणारे वडीलही तिच्या हाती हीच पोथी देत आले, हा विरोधाभास मोठा खरा, तथापि तो वाटतो तितका सरळ नाही: कथेत पिता भीष्मक कृष्णाला अनुकूल आहे, शिशुपालाशीच तिचे लग्न लावण्याचा हट्ट धरणारा भाऊ रुक्मी आहे, आणि द्वारकेत पुढे यथाविधी विवाह होतो. परंपरेने गौरवलेले पलायन पित्याच्या मनाविरुद्ध नव्हते. ते भावाच्या अरेरावीविरुद्ध होते.

आधुनिक कायद्याने वडीलधाऱ्यांची संमती टप्प्याटप्प्याने मागे सारली. प्रचलित धर्म न मानणाऱ्यांसाठी केलेल्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात एकवीस वर्षांखालील वधूवरांना पित्याची किंवा पालकाची संमती लागे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अठरा वर्षांखालील वधूपुरती उरलेली तशीच अट १९७८ मध्ये वगळण्यात आली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात संमतीची अट नाही, पण तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. तिच्यावर वय, आधीचा विवाह, निषिद्ध नाते अशाच मोजक्या कारणांवरून आक्षेप घेता येतो आणि आई-बापांची नाराजी त्या कारणांत बसत नाही. तरीही कार्यालयाच्या भिंतीवरची नोटीस घरापर्यंत पोचली की जोडप्याला गाव सोडावे लागते. वधूवर दोघेही हिंदू असतील तर मंदिरात किंवा आर्य समाजाच्या विधीने नोटिशीशिवाय लग्न लावता येते. धर्म न बदलता विवाह करू पाहणाऱ्या हिंदू-मुस्लिम जोडप्याला मात्र ते तीस दिवस कुठेतरी काढावेच लागतात.