'साहाय्यार्थ' आणि 'केलेले' : हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांच्या इतिहासातील दोन प्रवाह

फलटण येथे प्रगत शिक्षण संस्थेची कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा आहे. १९८४ साली या संस्थेची स्थापना करणाऱ्या डॉ. मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्राच्या अभ्यासक होत. फलटणच्या मराठीतील विविधता हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यामुळे या शाळेचा भाषेशी असलेला संबंध सहज ध्यानात येतो. परंतु ज्यांचे नाव शाळेला दिले आहे त्या कमलाबाई निंबकर यांची विद्या निराळी होती. आजाराने किंवा अपघाताने दुर्बल झालेल्या हाताला कामाच्या द्वारे पुन्हा सामर्थ्य मिळवून देणे, ही ती विद्या. धर्मादाय कार्यासाठी विकल्या जाणाऱ्या हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांचा इतिहास तपासू लागल्यास या विद्येपाशी थांबणे अपरिहार्य होते. असे पत्र विकत घेणारा मनुष्य दान करतो की खरेदी, आणि ते तयार करणारा साहाय्य घेतो की मोबदला, हा या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पत्राच्या पाठीवरील एका लहानशा ओळीत दडलेले असते. ही ओळ सामान्यतः दोन प्रकारची आढळते. 'अमुकांच्या साहाय्यार्थ' हा एक प्रकार, 'अमुकांनी केलेले' हा दुसरा. पहिल्या रचनेत ज्यांचा निर्देश होतो ते षष्ठीत येतात. ते साहाय्याचे विषय असतात आणि पत्र कोणी केले हे वाक्यात कोठेच येत नाही. दुसऱ्या रचनेत तीच माणसे तृतीयेत येतात. 'केलेले' या कृदन्ताचा कर्ता तेच होतात. एका विभक्तीचा हा भेद आहे. तथापि त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा सामाजिक इतिहास उभा आहे.

छापील शुभेच्छापत्राचा प्रारंभ १८४३ मधील लंडनमध्ये मानतात. टपालाच्या सुधारणेत भाग घेतलेल्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्स्ली यांच्याकडून नाताळासाठी एक चित्र काढवून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापून प्रत्येकी एक शिलिंग दराने विक्रीस ठेवण्यात आल्या. चित्राच्या मध्यभागी पेले उंचावणारे कुटुंब आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस मात्र भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याचे प्रसंग रेखाटले आहेत. म्हणजे दानाची कल्पना या पत्रास जन्मापासूनच चिकटलेली होती. परंतु ती चित्रापुरती. पत्राच्या विक्रीतून कोणा गरिबास काही मिळावे, असा त्यात हेतू नव्हता.

महाराष्ट्रात हा प्रकार रुजला तो येथील सणांच्या आश्रयाने. १८७९ मध्ये हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाल्यावर कुशल कळविण्याचे एक स्वस्त साधन घरोघरी पोहोचले. संक्रांतीस दूरच्या आप्तांना पाकिटातून चार हलव्याचे दाणे आणि तिळगुळाचे भेटकार्ड पाठविण्याची चाल मराठी कुटुंबांत दीर्घकाळ होती. तिळगूळ हातावर ठेवावयाचा, त्याऐवजी तो टपालाने गेला. हाताने हातात देण्याच्या क्रियेची जागा पत्राने घेतली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

टपालाचा आणि निधीसंकलनाचा प्रत्यक्ष सांधा विसाव्या शतकाच्या आरंभी जुळला. डेन्मार्कमधील टपाल कर्मचारी आयनर होल्बॉल यांच्या सूचनेवरून १९०४ साली क्षयरुग्णांच्या मदतीसाठी नाताळाच्या पत्रांवर लावावयाची खास तिकिटे निघाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या, म्हणजे युनिसेफच्या, शुभेच्छापत्रांनी ही कल्पना जगभर नेली. त्या पत्रांची मूळ कथा अर्थपूर्ण आहे. चेकोस्लोव्हाकियातील एका लहान गावास महायुद्धानंतर युनिसेफचे साहाय्य मिळाले होते. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून तेथील यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने एक चित्र काढले. कागद उपलब्ध नसल्याने ते काचेवर काढले होते. १९४९ साली त्या चित्राचे पत्र निघाले. ज्या मुलीस साहाय्य मिळाले तीच येथे देणारी झाली. परंतु चित्र छापखान्यात गेल्यावर मूळ हात मागे पडला. त्यानंतरच्या व्यवहारात चित्रकार, ग्राहक आणि लाभार्थी असे तीन पक्ष राहिले व त्यांची परस्परांशी गाठ पडण्याचे कारण उरले नाही. १९७९ मध्ये रिपन कपूर व त्यांच्या मित्रांनी मुंबईत पन्नास रुपयांच्या भांडवलावर सुरू केलेल्या 'क्राय' या संस्थेनेही शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून मुलांसाठी निधी उभारला, तो याच वळणाने. या वळणाचे सामर्थ्य मोठे आहे, कारण यंत्राने लक्षावधी प्रती निघू शकतात. व्याकरणाच्या भाषेत मात्र हा 'साहाय्यार्थ'चा प्रवाह होय.

'केलेले' हा दुसरा प्रवाह महाराष्ट्रात दोन उगमांतून आला. पहिला उगम ग्रामोद्योगाच्या चळवळीचा. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि यंत्राच्या कागदापुढे मोडकळीस आलेल्या हातकागदाच्या धंद्याकडे लक्ष गेले. पेशवाईत नावाजलेल्या जुन्नरी कागदाची परंपरा महाराष्ट्रास होतीच. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. सुती चिंध्या भिजवून, कुटून केलेला लगदा चाळणीवर उचलावयाचा, दाबून पाणी काढावयाचे आणि ताव वाळवावयाचा, ही तिची पद्धत. सुताचे तंतू लांब असल्याने असा कागद घडीवर सहजासहजी तुटत नाही; त्याची किनार मूळचीच ओबडधोबड राहते. यंत्राच्या कागदात जो दोष ठरेल तोच येथे हस्तनिर्मितीची खूण ठरला. हाताच्या कामाची नियमबाह्यता हे त्याचे मूल्य होय, ही दृष्टी शुभेच्छापत्रांच्या पुढील इतिहासास आधारभूत झाली.

दुसरा उगम व्यवसायोपचाराचा, आणि तेथे कमलाबाई निंबकर यांचे स्थान आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि कमलाबाई झाल्या. व्यवसायोपचार हे शास्त्र अमेरिकेत १९१७ साली संघटित रूपास आले. महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांमुळे त्याची निकड सर्वांस पटली. अमेरिकेत त्याचे शिक्षण घेऊन कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आशियातील या विषयाचे पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. कमलाबाईंचे पुत्र बनबिहारी निंबकर यांनी फलटणला आपले कार्यक्षेत्र केले व १९६८ साली तेथे कृषि संशोधन संस्था स्थापन केली. निंबकर कुटुंबाचे नाव त्या गावाशी जोडले गेले ते अशा रीतीने.

व्यवसायोपचाराची भूमिका थोडक्यात अशी सांगता येईल. रुग्णास वेळ घालविण्यासाठी काम द्यावयाचे नसते; कोणत्या कामात कोणता स्नायू, कोणता सांधा व किती लक्ष लागते याचे पृथक्करण करून नेमके काम निवडावयाचे असते. कागदाची घडी घालण्यास अंगठा व तर्जनी यांची चिमूट लागते. कातरीस पंजाची मिटण्याची व उघडण्याची शक्ती लागते. गोंद लावून नक्षी चिकटविण्यास डोळा व हात यांचा मेळ लागतो. शुभेच्छापत्र ही दिसावयास क्षुल्लक वस्तू. पण या दृष्टीने पाहता ती हाताच्या अनेक व्यापारांची क्रमवार मांडणी आहे. तिची किंमत प्रथम करणाऱ्याच्या हातात जमा होते, बाजारात नंतर.

हे दोन्ही प्रवाह जेथे सर्वात कठीण कसोटीस लागले ते स्थळ म्हणजे वरोऱ्याजवळचे आनंदवन. कुष्ठरोग्याच्या बाबतीत हाताचा प्रश्न केवळ शारीरिक नव्हता. १८९८ च्या कायद्यान्वये, तो जेथे लागू केला असेल त्या क्षेत्रात, कुष्ठरोग्यास अन्न, पेय, औषध वा वस्त्र स्वतःच्या हाताने विक्रीसाठी तयार करण्यास किंवा विकण्यास मनाई करता येत असे. म्हणजे त्याने हात पसरावा हे समाजास चालत होते, हाताने केलेले विकावे हे चालत नव्हते. हा कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ साली. वैद्यकाने मात्र त्यापूर्वीच मार्ग काढला होता. १९४० नंतर सल्फोन गटातील औषधे उपयोगात आली. वेलोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यांस पुन्हा कामायोग्य केले, आणि अशा रुग्णांस हातकाम शिकविणारे केंद्रही काढले. बोटे झडतात ती बहुधा प्रत्यक्ष रोगाने झडत नाहीत, बधिर हातास भाजल्याचे वा कापल्याचे कळत नसल्याने झालेल्या जखमांनी झडतात, हे त्यांनी दाखवून दिले. बधिर हाताने कातर किंवा सुरी चालविणाऱ्यास स्पर्शाचे काम डोळ्यांकडून करून घ्यावे लागते. जाड मुठीची हत्यारे व रोजची हातांची तपासणी ही त्याची साधने होत.

बाबा आमटे व साधनाताई यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये, ही १९५१ मधील आनंदवनाची सुरुवातीची शिदोरी सर्वश्रुत आहे. शेत पिकले, परंतु तेथील भाजी घेण्यास गावकरी तयार नव्हते. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर खपले व जेवले. त्यानंतर ही भीती हळूहळू ओसरली. माणसाला भीक नको, काम हवे, ही बाबांची भूमिका त्या भाजीच्या विक्रीत प्रथम सिद्ध झाली. पुढे आनंदवनात रोगमुक्त व अपंग व्यक्तींनी हातमाग, चर्मकाम यांसारख्या उद्योगांबरोबर शुभेच्छापत्रेही केली आणि ती शहरांतील प्रदर्शनांत खपू लागली. ज्या हाताच्या भाजीस गिऱ्हाईक नव्हते त्या हाताचे पत्र सणाच्या दिवशी घरात आले. संक्रांतीच्या तिळगुळाप्रमाणे एका हातातून दुसऱ्या हातात काही गेले, हा यातील मर्माचा भाग होय.

यावर एक आक्षेप उचित आहे. पाठीवर 'केलेले' असे लिहिले तरी ग्राहक पत्र पाहून घेतो की पाठ वाचून? पाठीची ओळ वाचून द्रवलेल्या मनाने घेतलेले पत्र पुन्हा दानाच्याच सदरात जमा होते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. पोलिओने हात गमावलेले जर्मन चित्रकार एरिक स्टेगमन यांनी १९५६ साली तोंडाने व पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांना एकत्र आणले, तेव्हा दयेवर विसंबावयाचे नाही हाच त्यांचा आग्रह होता. तरीही त्या चित्रांची ओळख कलावंतांच्या व्यंगाविना क्वचितच करून दिली जाते. ओळ गाळावी तर करणारा अदृश्य होतो. ठेवावी तर त्याचे व्यंग कामाच्या पुढे उभे राहते. या पेचातून व्याकरण सोडवू शकत नाही. मात्र दोन विभक्तींपैकी कोणती सुधारणेस वाव ठेवते, हे ते सांगू शकते. 'साहाय्यार्थ' विकलेल्या पत्राची घडी वाकडी असली तर ग्राहक ती चालवून घेतो, कारण पत्र हे निमित्त असते. 'केलेले' पत्र वाकडे असले तर ते परत करता येते, आणि परत करता येणे ही कारागिराच्या प्रतिष्ठेची पहिली अट आहे. ज्याच्या कामाला नाव ठेवता येत नाही, त्याच्या कामाला मोलही देता येत नाही.

मराठीत 'हात पसरणे', 'हातभार लावणे' आणि 'हातावर पोट असणे' हे तिन्ही वाक्प्रचार एकाच अवयवाभोवती फिरतात. धर्मादाय शुभेच्छापत्राचा इतिहास म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याच्या मार्गे तिसऱ्याकडे जाण्याचा प्रयत्न होय. तिसऱ्यातही कष्ट आहेत, निश्चिती नाही. परंतु तेथे मनुष्य आपल्या हाताचा धनी असतो. भ्रमणध्वनीवरील संदेशांनी कागदी पत्रांचा व्यवहार पुष्कळ आक्रसल्यावर हा तिसरा मार्गही अरुंद झाला आहे, आणि ज्यांचे हात या कामात तयार झाले त्यांस दुसरे काम शोधून देणे ही आता संस्थांची जबाबदारी ठरते. ते शोधताना कमलाबाईंच्या विद्येतील पहिला नियम उपयोगी पडावा : काम निवडताना आधी हात पाहावा, बाजार नंतर.