डालड्याच्या डब्यात नक्की काय असायचं? अमळनेर, तीळ आणि एक गुलाबी रंग

 

विप्रो म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? काचेची इमारत, गळ्यात आयडी कार्ड, कॅबची रांग. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे आमच्याकडे हे नाव रोज कानावर पडतं. पण या कंपनीचं मूळ नाव ऐका: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. स्थापना २९ डिसेंबर १९४५, संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी. आणि कारखाना कुठे? आपल्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेरला. तिथे कॉम्प्युटर बनत नव्हते. तिथे बनत होतं वनस्पती तूप आणि कपडे धुवायचा ७८७ साबण.

अमळनेर म्हणजे साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते गाव. प्रताप मिलचं, प्रताप कॉलेजचं गाव. तापीच्या खोऱ्यातून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला येते. म्हणजे धुळ्याकडचा आणि जळगावकडचा भुईमूग एकाच लाईनवर. वनस्पतीच्या एका ब्रँडचं नाव ‘सनफ्लॉवर’ होतं, पण आजूबाजूला पीक होतं शेंगांचं.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्या आजी-पणजी ज्याला सरसकट ‘डालडा’ म्हणायच्या, त्या डब्यात नक्की काय असायचं? डालडा हा खरं तर एका कंपनीचा ब्रँड. १९३७ साली लिव्हरच्या हिंदुस्थान वनस्पती कंपनीने तो आणला. ‘दादा’ नावाच्या डच कंपनीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घुसवला आणि झालं डालडा! हा ब्रँड इतका चालला की अमळनेरचा डबा असो की मुंबईचा, लोकांच्या तोंडी सगळं डालडाच.

डब्यात तूप नव्हतं. दुधाचा एक थेंब नव्हता. होतं ते तेल, घट्ट केलेलं. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याचं पेटंट घेतलं होतं. कच्चं तेल आधी कॉस्टिक सोडा घालून साफ करायचं. खाली जो गाळ बसतो तो साबणाच्या कामाला येतो. तेलाच्या कंपन्या साबणही का विकतात, ते आता कळलं असेल. मग विशिष्ट माती घालून तेलाचा रंग काढायचा. पुढे बंद टाकीत निकेलची पूड घालून, तापवून, दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. निकेल शेवटी गाळून काढतात, पण तोवर पातळ तेलाचं पांढरं, घट्ट वनस्पती झालेलं असतं. मग वाफेने वास घालवायचा आणि थंड करताना असं जमवायचं की तुपासारखे दाणे पडले पाहिजेत.

दाणे का पाडायचे? दिसायला तूप वाटावं म्हणून. आणि खरी भानगड इथेच सुरू झाली.

वनस्पती तुपापेक्षा बरंच स्वस्त. ज्या घरात वरण-बट्टीवर तुपाची धार सोडणं परवडत नव्हतं, तिथे सणाचं तळण या डब्याने केलं. ते लोक फसले नव्हते, त्यांना माहीत होतं आपण काय घेतोय. पण तोच डबा भेसळवाल्याच्या हाती पडला की तुपात वनस्पती मिसळायचं आणि तुपाच्या भावाने विकायचं. नुकसान दोघांचं: खाणाऱ्याचं, आणि दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाचं. त्याचं खरं तूप या खोट्या तुपाशी भावात टिकेल कसं?

गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीवर टीका केली. मागणी सोपी होती: याला रंग द्या, म्हणजे तुपात मिसळलं की लगेच दिसेल. सरकारने रंग शोधायचा प्रयत्नही केला. पण रंग असा हवा की जो खायला चालेल, तापवल्यावर उडणार नाही आणि कुणाला काढूनही टाकता येणार नाही. तसा रंग काही मिळाला नाही.

मग जे केलं ते मला इंजिनियर म्हणून फार आवडतं. नियम आला की वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. चवीसाठी नाही, पौष्टिक म्हणून नाही. तिळाच्या तेलात काही खास घटक असतात. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल टाकून हलवलं की आम्लाचा थर गुलाबी होतो. याला बाउडोइन चाचणी म्हणतात. तुपात तीळ कुठून येणार? त्यामुळे तुपाचा नमुना गुलाबी झाला की वनस्पतीची भेसळ पकडली. समजा तुपात १० टक्के वनस्पती घातलं, तर त्या तुपात तिळाचं तेल फक्त अर्धा टक्का. तेवढंही सापडतं! म्हणजे डब्यात न दिसणारी सही होती, तीही आपल्या शेतातल्या तिळाची.

पण प्रत्येक टेस्ट तिला विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. ‘तुपात वनस्पती आहे का?’ हे तीळ सांगतो. ‘वनस्पतीत आणखी काय आहे?’ हे सांगत नाही. १९८३ साली वनस्पतीत आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं. ही चरबी खरं तर साबणासाठी यायची. लोकांच्या श्रद्धेला धक्का बसला, संसदेत गदारोळ झाला. त्या डब्यातला तीळ तसाच होता, चाचणीचा रंगही गुलाबीच आला असता.

आणि दुसरी गोष्ट तर भेसळ नसलेल्या, कायद्याने चोख डब्यातही होती. हायड्रोजन अर्धवट जोडला की तेलातल्या काही रेणूंचा आकार बदलतो, नैसर्गिक वाकडेपणा जाऊन ते सरळ होतात. हेच ट्रान्स फॅट. १९९० साली नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कॅटन यांनी दाखवलं की हे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. म्हणजे हृदयाला दुहेरी मार. आपल्याकडे मर्यादा टप्प्याटप्प्याने आली: आधी १० टक्के, मग ५, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के.

अझीम प्रेमजी १९६६ साली वडील गेल्यावर स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परतले, तेव्हा त्यांच्या हाती ही तेलाची कंपनी आली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. अमळनेरच्या ज्या लोकांनी तेव्हाचे शेअर सांभाळून ठेवले, त्यांच्या श्रीमंतीच्या बातम्या अजून येतात. पण त्या डब्याचा हिशोब फक्त शेअरचा नाही. स्वस्तात तळण मिळालं हे खरं, आणि ज्यांनी ते सर्वात जास्त खाल्लं त्यांना आत काय आहे हे सर्वात उशिरा कळलं, हेही खरं.

तर आता एक काम करा. घरात खारी, टोस्ट, क्रीमचं बिस्कीट, जे असेल ते पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड’ किंवा ‘वनस्पती’ शब्द आहे का बघा, आणि पोषणाच्या तक्त्यात ट्रान्स फॅटचा आकडा वाचा. सुट्या मालावर लेबल नसतं, तिथे सरळ विचारा, “भाऊ, कशात तळलंय?” उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!